दोर जिच्या पाठीवर

सॅक फाटली ती दवाखान्याच्या जिन्यात, भर दुपारी, पेशंटांच्या देखत. नणंदबाई ती खांद्याला लावून वरच्या घराकडे निघाल्या होत्या. पट्टा तटकन तुटला, तळाची शिवण उसवली आणि आतला सगळा संसार पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. दोर, हेल्मेट, धातूच्या कड्या, बूट, पाण्याची बाटली. खाली नंबर लावून बसलेल्या एका आजोबांनी घाबरून गालावर हात ठेवला. एक दाढ काढायला एवढं सामान लागतं, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना.

नणंदबाई दातांच्या डॉक्टर. त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून त्यांचीच भावजय. भावजयीला घरात मुंगी म्हणत, कारण अंगानं एवढीशी आणि सदा लगबगीत. नणंदेला माहेरचे लोक लहानपणापासून पाल म्हणायचे, कारण भिंत दिसली की बाई चढलीच. लग्नात एका चुलत सासऱ्यांनी मुंगीला टोमणा मारून घेतला होता, की पाल मुंगीला गिळते हं, सांभाळून राहा. नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं, असं धरून चालणाऱ्यांची पुढे घोर निराशा झाली. मुंगीनं जगात कुणाला मानलं असेल तर ते वन्संना. ‘वन्सं’ असं आता कोण म्हणतं? पण मुंगी म्हणायची. तिला त्यात मान वाटायचा, आणि वन्संना ते ऐकून दर वेळी हसू यायचं.

दवाखान्यात दोघी जवळजवळ बोलतच नसत. वन्संनी नजर न उचलता हात पुढे करायचा, आणि हवं ते हत्यार त्या हातात आलेलं असायचं. पेशंट बाहेर जाऊन सांगत, आत दोघींचं काहीतरी वाजलंय, एक शब्द नाही हो एकमेकींशी. वाजलं कसलं डोंबल! बोलायची गरजच पडत नव्हती. एकीच्या मनात आलं की दुसरीच्या हातात आलं, असं ते काम होतं.

आणि सुट्टीच्या दिवशी दोघी कडे चढायला जात. सकाळी निघायचं, चढायचं, उकडलेली अंडी आणि पाव खायचा, संध्याकाळी घरी. त्यातही हेच. खालून मुंगी दोर सोडते आहे, वर वन्सं चढताहेत, आणि तोंडातून शब्द नाही. वन्संना चढताना बघणं म्हणजे मुंगीच्या लेखी सोहळा होता. घाई नाही, धडपड नाही, पाय ठेवला की तिथं तो जन्मल्यासारखा. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, पण खडकाला हात लावला की वय खाली पिशवीत ठेवून गेल्यासारखी दिसायची. मुंगी मान वर करून बघत राहायची, आणि आपल्या घरात असं माणूस आहे याचा तिला फार अभिमान वाटायचा.

दोघींचा एक नियम होता. कुणी बसून ठरवलेला नाही, आपसूक पडलेला. दोर जिच्या पाठीवर, ती पुढे. पुढे म्हणजे पहिली चढणारी. तिला वरून कुणाचा आधार नसतो. खडकात ठोकलेल्या खिळ्यांना कड्या लावायच्या, त्यातून दोर ओवायचा आणि आणखी वर जायचं. हात सुटला तर ती शेवटच्या कडीच्याही खाली जाणार, आणि मग खालची तिला दोरानं झेलणार. मागून चढणारीचं तसं नाही. पहिली वर पोचून तिचा दोर धरून बसलेली असते, त्यामुळे तिचा हात सुटला तरी ती जागच्या जागी लोंबकळते, बास. म्हणजे खरी छाती लागते ती पुढे जायला. त्यावरून पायथ्याशी ‘तू जा, मी जाते’ नको, म्हणून घरातून निघताना जिनं दोर पाठीवर घेतला, तिचा मान. वन्संना बरं नसलं की एखाद्या सोप्या जागी मुंगी पुढे जायची. एरवी दोर वन्संचा.

आणि मग काही खेपांपूर्वीचा तो दिवस. पुढे आलेला एक कातळ आहे, छज्ज्यासारखा. त्याच्या वर वन्सं गेल्या की खालून फक्त बुटांच्या टाचा दिसतात. टाचा स्थिर होत्या. अचानक त्या हवेत आल्या आणि मुंगीच्या हातातल्या दोराला एक हिसका बसला. एवढासाच. मग टाचा पुन्हा खडकावर टेकल्या आणि वन्सं वर निघून गेल्या. पण मुंगीला कळायचं ते कळलं. दोर ज्याच्या हातात असतो त्याला वरचं सगळं कळतं. वन्संचा डावा हात सुटला होता, आणि बाई एका उजव्या हातावर लटकली होती.

खाली येऊन वन्संनी अंडी सोलली, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि विषय तिथंच संपला. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी दातांचा छोटा आरसा मुंगीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा तू धरत जा. आरसा डाव्या हातात असतो. मुंगीनं तो धरला. विचारलं नाही. त्यांच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला तिला रोज दिसत होता, बाटलीचं झाकण त्या आता उजव्या हातानं फिरवतात हेही दिसत होतं. पण न बोलण्याची सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की बोलायची वेळ आली तेव्हा तोंडच उघडेना.

तिनं सांगितलं ते नवऱ्याला. जिला सांगायचं तिला सोडून भलत्यालाच. नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, विमा कंपनीत अपघातांच्या फायली तपासायचा. त्यामुळे त्याला जगात सगळीकडे अपघात दिसत. घरात ओल्या फरशीवरून तो असा चालायचा की बघणाऱ्याला दया यावी. बहिणीचं प्रेम मात्र त्याला पोटातून होतं. त्यानं ऐकलं, दोन दिवस जेवण गेलं नाही त्याला, आणि नेमकी तेव्हाच ती सॅक जिन्यात फाटली. त्याला वाटलं, देवच पावला.

त्याचा बेत साधा होता. ताईला लहान सॅक घ्यायला लावायची. पाणी, डबा, जाकीट मावेल एवढीच. दोर त्यात बसणारच नाही, मग तो आपोआप मुंगीच्या पाठीवर येणार, आणि नियमाप्रमाणे पुढे मुंगी. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. मुंगीनं विचारलं, म्हणजे मी पडले तर चालेल का? तर म्हणाला, तू भित्री आहेस, आणि भित्र्या माणसाची एकही फाईल माझ्या टेबलावर आजवर आलेली नाही. बायकोचं असं कौतुक करणारा नवरा मिळायला भाग्य लागतं.

मुंगीला ते पटलं नाही, पण तिनं मान हलवली. रात्रभर तिला वाटत राहिलं, की ज्या बाईच्या तोंडावर खरं बोलायची आपली छाती नाही, तिला आपण एका पिशवीनं फसवणार. आणि नाही फसवलं तर? पुढच्या वेळी उजवा हातही सुटला तर? दोन्हीकडून अडकित्ता.

दुकानात वन्सं आल्या त्या एका जुन्या चादरीचं गाठोडं काखोटीला मारून. सगळं सामान त्यात. दुकानदारीण बाई चटपटीत होती. सॅकमध्ये घालून बघायला तिनं वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या, त्या तिनं पुढे केल्या. वन्संनी त्या बाजूला सारल्या आणि जमिनीवर गाठोडं सोडलं. रिकामी सॅक काय, कुणालाही शोभते, म्हणाल्या. माझं बिऱ्हाड आत गेल्यावर कशी वागते ते बघू.

आणि मग त्या दवाखान्यातल्यासारख्याच बसल्या. एकेक सॅक समोर घ्यायची, तोंड उघडायचं आणि आत वाकून बघायचं. एका सॅकचं तोंड अरुंद होतं. तळाशी गेलेली कडी काढायला सगळं उपसावं लागणार, ती बाद. एकीला बाहेरून इतके पट्टे आणि फासे लोंबत होते, की कपारीत एक तरी अडकलाच असता. एक दिसायला देखणी, पण खालचं कापड पातळ. खडकावर दोनदा घासली की चाळण. दुकानदारीण त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि मन लावून सांगू लागली, की पाठीची लांबी मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत मोजायची, उंचीवर जाऊ नका, आणि कमरेचा पट्टा काढता येणारा घ्या म्हणजे चढताना तो मध्ये येत नाही. वन्सं शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या. दोघींचं छान जमलं.

नवरा मध्येच सॅकची मापं लिटरमध्ये सांगत होता. एवढे लिटर पुरेत, तेवढे लिटर जास्त, पाठीच्या मणक्यावर अमुक ताण. त्यानं कुठून कुठून वाचून आणलं होतं. शेवटी त्यानं एक छोटीशी निळी सॅक बहिणीपुढे धरली आणि मुंगीकडे बघून डोळे मोठे केले. मुंगीनं री ओढली. हलकी आहे वन्सं, सुटसुटीत आहे, म्हणाली. दिवसभरासाठी पुरे.

वन्संनी सॅक हातात घेतली. उघडली. दोराकडे बघितलं, सॅककडे बघितलं, मग मुंगीकडे. फक्त बघत राहिल्या, एखादा पेशंट दुखत नाही म्हणतो तेव्हा त्याच्याकडे बघतात तशा. आणि त्यांनी ती निळी सॅक मुकाट्यानं पाठीला लावायला घेतली. डावा अंगठा पट्ट्यात अडकेना. दोनदा निसटला. त्यांचा चेहरा तसाच शांत होता, आणि मुंगीला ते बघवेना. ही बाई आपण दिलेली पिशवी निमूट घेईल, घरी जाईल, आणि पुन्हा कधी पुढे जाणार नाही, आणि का ते आपण तिला कधी सांगितलेलं नसेल.

“वन्सं, ती काढा,” मुंगी म्हणाली. “त्या दिवशी छज्ज्यावर तुमचा डावा हात सुटला. मला दोरात कळलं. मी बोलले नाही. आणि आता पिशवी लहान घेऊन तुम्हाला मागे ठेवायचं आम्ही ठरवलंय. माझ्याच्यानं नाही होत.”

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. दुकानदारीण एकदम कड्यांच्या कपाटाकडे काहीतरी लावायला निघून गेली, शहाणी बाई.

वन्संनी निळी सॅक उतरवून खाली ठेवली. रागावल्या नाहीत. सुटकाच झाल्यासारखा त्यांनी श्वास सोडला.

“तुला दोरात कळलं, तसं मलाही कळतं की,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून तू दोर सोडताना हात आखडता घेतेस. मी पुढचा हात टाकायला जाते आणि कंबर मागे खेचली जाते. म्हटलं, घाबरलीय. आज बोलेल, उद्या बोलेल. अगं, दवाखान्यात न बोलता चालतं. तिथं फार तर चुकीचा चिमटा हातात येईल.”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”

“नाही बोलले,” वन्सं म्हणाल्या. “बोलले की ते खरं होईल, असं वाटायचं.”

मुंगीनं त्यांना इतक्या वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि दुकानात रडतोय म्हणून आणखी फुटलं. वन्संनी तिच्या पाठीवर एक थाप मारली आणि दुकानदारणीला हाक मारून विचारलं, की ती राखाडी, मोठी, रुंद तोंडाची परत एकदा आणता का?

ती राखाडी त्यांनी स्वतःच भरली. तळाशी बूट आणि कड्या, पाठीला चिकटून पाणी, वर दोर नीट वेटोळं करून, हेल्मेट आत, बाहेर काहीही लटकत नाही. सगळं बसलं आणि डब्यापुरती जागा उरली. पाठीला लावून त्या दुकानाच्या पोटमाळ्याचा जिना दोनदा चढल्या-उतरल्या, वाकून बघितलं, हात डोक्यावर नेऊन मान मागे टाकून बघितली. मान सॅकला लागली नाही. हीच, म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा पडला. मुंगीचाही पडला. म्हणजे सगळं सांगून, रडून, पालथ्या घड्यावर पाणी? दोर पुन्हा त्यांच्याच पाठीवर. तरी परतताना मुंगीच्या मनात राग नव्हता. उलट, काय ही बाई, असंच येत होतं. हात गेलाय हे कबूल करते आणि मोठी पिशवी घेते. असा ताठा देव सगळ्यांना देत नाही. पण भीती होती ती होतीच. पुढच्या सुट्टीपर्यंत ती गेली नाही.

सुट्टीच्या दिवशी वन्सं पुढे, पाठीवर नवी राखाडी सॅक, आणि मागे मुंगी, जवळजवळ रिकाम्या पाठीनं. वाट चढाची होती. मुंगीनं मध्ये दोनदा विचारलं, थोडा वेळ मी घेऊ का? नको म्हणाल्या. घामानं त्यांची पाठ भिजली होती, पण पाऊल एकसारखं पडत होतं. पायथ्याशी त्यांनी सॅक उतरवली, दोर काढला, मोकळा करून व्यवस्थित रचला. मग कड्याकडे तोंड करून खूप वेळ उभ्या राहिल्या. डोळे खालपासून वरपर्यंत जात होते, छज्ज्याशी थांबत होते, पुन्हा खाली येत होते. मुंगी मनात म्हणाली, दोर त्यांनी आणलाय, मान त्यांचा आहे, आता आपण काय बोलणार?

वन्सं वळल्या आणि दोराचं टोक त्यांनी मुंगीपुढे धरलं.

“बांध कमरेला. पुढे तू.”

“पण दोर तुमच्या पाठीवर होता.”

“होता ना? मग कोण पुढे ते मी ठरवणार.” वन्सं दोर धरायचं साधन आपल्या पट्ट्याला अडकवत होत्या. “मोठी सॅक कशाला घेतली तुला वाटलं? पुढे जाणारीनं ताज्या पाठीनं यावं. माझे पाय अजून हत्तीचे आहेत. आणि दोर धरायला लागतो उजवा हात, तो ठणठणीत आहे.”

इतका मोठा मान कुणी इतक्या कोरडेपणानं देतं का? मुंगीनं गाठ बांधली, वन्संनी ती ओढून तपासली, तिनं वन्संचं साधन तपासलं. आणि ती निघाली.

पहिल्या काही कड्या लावेपर्यंत ठीक होतं. छज्ज्याखाली आल्यावर मात्र ती थबकली. खाली बघायचं नाही असं ठरवून तिनं खाली बघितलं. पांढरं डोकं मागे कललेलं, डोळे तिच्यावर. मुंगीनं डावा हात वर टाकला, कपारीत बोटं घातली, पाय उचलला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की कमरेला दोर जाणवतच नाहीये. ती सरकेल तेवढाच तो येत होता, ना कमी ना जास्त, जणू ती हलायच्या आधी खाली ठाऊक होतं. कुणी तिला मागे खेचत नव्हतं. भीती असणारच की खालच्या माणसालाही! आपल्या भावाची बायको तिथं लटकते आहे, काय गंमत आहे? पण त्या भीतीचा एक धागाही दोरातून वर येत नव्हता. आपण या बाईला एवढे दिवस आखडत्या हातानं धरलं, या विचारानं मुंगीला लाज वाटली, आणि त्याच लाजेच्या जोरावर ती छज्ज्याच्या वर गेली.

माथ्यावर पोचून तिनं स्वतःला खडकाला बांधलं, दोर ओढून घेतला आणि हाक दिली. आता वन्संनी मागून यायचं होतं. छज्जा मध्ये असल्यामुळे त्या दिसत नव्हत्या, पण दोर सांगत होता. एक पाऊल. आणखी एक. थांबल्या. पुन्हा एक. मुंगी दोर अलगद ओढत होती. मग दोर एकाच जागी राहिला. तिथं त्या आल्या होत्या, तिला बरोबर कळलं. त्या दिवशी इथंच टाचा हवेत आल्या होत्या, आणि वर-खाली सगळं गप्प होतं.

आणि खालून आवाज आला. मोठा, मोकळा, समोरच्या डोंगरावर आपटून परत येणारा.

“मुंगे, सुटला! डावा सुटला गं! ताठ धर!”

दोराला वजन आलं. वन्संचं सगळं वजन, पहिल्यांदाच.

“धरलंय!” मुंगी ओरडली. “बसा निवांत. हवं तेवढा वेळ बसा.”

तिचे हात भरून आले होते आणि डोळेही. आजवर तिनं या बाईला मानलं ते तिचा हात कधी सुटत नाही म्हणून. आज तो सुटला, आणि तो सुटला हे ती साऱ्या डोंगराला ओरडून सांगते आहे, आणि मुंगीला ती आजच्याइतकी थोर कधी वाटली नव्हती. खाली वन्सं दोरावर लटकून अंगठा चोळत असाव्यात. थोड्या वेळानं वजन हलकं झालं आणि त्या पुन्हा चढू लागल्या. मग मात्र दोघी माथ्यापर्यंत बोलतच होत्या. पाय कुठं ठेवलाय, हात कुठं दुखतोय, दोर थोडा सोड, आता ओढ. इतकं बोलल्या की खाली पायवाटेनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याला वाटलं, वर दोन बायकांचं कडाक्याचं भांडण चाललंय.